थकवा डॉक्टरांचा, दुखणं यंत्रणेचं

सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला ‘थकलायस, जरा प्राणायाम कर’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ‘तुझ्या युनिटला एक रेसिडेंट कमी आहे, तो येईपर्यंत तुझ्या इमर्जन्सी कमी करू’ असं म्हणणारा क्वचितच भेटतो. हा लेख त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूचा आहे. पण तो भेटेपर्यंतचे दिवसही काढावे लागतात. त्या दिवसांत स्वतःचं काय सांभाळायचं, कुठली गोष्ट वर ढकलायची आणि मदत कधी मागायची, याबद्दल हे चार शब्द. ते मुख्यतः निवासी डॉक्टर, इंटर्न आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहेत. खासगीत असणाऱ्यांसाठी, वरिष्ठांसाठी आणि घरच्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी निदान

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद आहे. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो कुणी नीट हाताळला नाही, की येणारी ही अवस्था आहे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे त्याचं मूळ शोधायचं तर कामाच्या जागेपासून सुरुवात करावी लागते.

त्याच्या खुणा तीन. पहिली, ताकद संपणं: सुट्टीचा आख्खा दिवस झोपून काढला तरी दुसऱ्या दिवशी राउंडला पाय ओढत जाणं. दुसरी, रुग्णांपासून मन तुटणं: रात्री दोनला कॅज्युअल्टीतून फोन आला की रुग्णाच्या आधी ‘हा आत्ताच का आला’ हे मनात येणं, मृत्यूपेक्षा डेथ समरी लिहिण्याचा त्रास जास्त वाटणं. तिसरी, आपण काहीही केलं तरी काही फरक पडत नाही, अशी खात्री होत जाणं.

पण सगळा थकवा बर्नआउटच्या खात्यावर टाकू नका. रुग्णाला जे विचारता तेच स्वतःला विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ शेवटचं कधी तपासलं? संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, खोकला रेंगाळलाय का? आपल्या वॉर्डांमध्ये काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना क्षयरोग होतो, आणि ‘ड्यूटीमुळे थकलोय’ म्हणून तो अंगावर काढला जातो. दुसरी तपासणी मनाची. बर्नआउटमधला माणूस रुग्णालयापासून चार दिवस लांब गेला की थोडा सावरतो. गावी जाऊनही काहीच गोड लागत नसेल, पहाटे जाग येऊन छातीत धडधडत असेल, स्वतःबद्दल घृणा वाटत असेल, तर ते नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, असू शकतं. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

वहीचे तीन रकाने

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा, रिकामी पदं, दूरदूरहून शेवटच्या क्षणी येणारे रुग्ण, अशी कारणांची यादी निघाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याच दिवसांत एका खासदाराने कॅमेऱ्यांसमोर तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावलं. यंत्रणा कोलमडते तेव्हा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या पांढऱ्या कोटावर. लोक हे करतात ते समजण्यासारखं आहे. घात तेव्हा होतो, जेव्हा डॉक्टर स्वतःवरही तेच करायला लागतो.

म्हणून एक वही करा. रोज ड्यूटी संपल्यावर पाच मिनिटं पुरतात. ज्या गोष्टीने आज पोखरलं ती लिहायची आणि तीनपैकी एका रकान्यात टाकायची: ‘माझं’, ‘यंत्रणेचं’, ‘दोघांचं’.

रक्ताची पिशवी यायला चार तास लागले: यंत्रणेचं. वॉर्डातल्या मावशींवर विनाकारण ओरडलो: माझं. पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा राहिला: इथे थांबा. रिपोर्ट बघणं माझं काम होतं. पण मी तेव्हा सव्वीस तास जागा होतो, लॅबचा रिपोर्ट आणायला वॉर्डबॉय मामा नव्हते आणि एकाच वेळी दोन वॉर्ड माझ्याकडे होते. हे ‘दोघांचं’. माझ्या वाट्याचा उपाय म्हणजे रिपोर्टची यादी खिशात ठेवणं. यंत्रणेच्या वाट्याचा उपाय पुढे येतोय.

पंधरा दिवसांनी रकाने वाचून काढा. बहुतेकांना दोन गोष्टी दिसतील. ‘माझं’ हा रकाना वाटला होता त्यापेक्षा बराच लहान असतो. आणि ‘यंत्रणेचं’ या रकान्यात तीच तीच चार-पाच कारणं फिरून येतात. ही चार-पाच कारणं तुमच्या तक्रारीचा कच्चा मसुदा आहेत.

ओपीडीचंही असंच गणित मांडा. चार तासांत १२० रुग्ण तपासायचे तर एकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्यात नाव, तक्रार, तपासणी, केस पेपर आणि गोळ्या समजावणं. दोन मिनिटांत समाधानकारक तपासणी झाली नाही, याचा दोष तुमच्या स्वभावात शोधायचं कारण नाही. देशात सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२१-२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तुमच्या ओपीडीतली रांग या फरकातूनही आलेली आहे.

झोपेचा हिशेब

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची चपळाई आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं होतं. २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातले हे आकडे आहेत. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे चोवीस तासांच्या ड्यूटीनंतर दुचाकीवर बसणारा डॉक्टर या मर्यादेच्या तिपटीहून पुढे असतो. तोच डॉक्टर त्याआधी तासभर सेंट्रल लाइन टाकत असतो. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लांबलचक पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या होत्या.

रोस्टर तुमच्या हातात नसेल, पण एवढं करता येतं:

रात्रपाळीच्या आधी दुपारी दीड तास झोपाच, आणि ती वेळ रूममेटला सांगून ठेवा.

रात्री काम थोडं सैल झालं की आळीपाळीने वीस मिनिटं आडवं व्हा. दोघांचे फोन एकाकडे द्या. ‘दोघंही जागे राहू’ या शूरपणाचा रुग्णाला काही उपयोग नाही.

पहाटे तीननंतर चहा-कॉफी नको. सकाळी झोपायची वेळ येते तेव्हा ती नडते.

पोस्ट-ड्यूटी स्वतः गाडी चालवू नका. बस, लोकल, रिक्षा, काहीही.

धोक्याची कामं, म्हणजे इन्सुलिन, हिपॅरिन, पोटॅशियम, लहान मुलांचे डोस, पहाटेच्या वेळी दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवूनच करा. सिस्टरना सांगा, ‘मी चुकतोय वाटलं तर लगेच टोका.’

आणि झोपेसाठी अल्प्राझोलम स्वतःच लिहून घेऊ नका. वॉर्डात औषध हाताशी असणं हा आपल्या पेशाचा मोठा धोका आहे.

हँडओव्हर नीट द्या, डोकं घरी न्या

घरी गेल्यावरही वॉर्ड डोक्यात फिरत राहतो, त्यामागे बऱ्याचदा अर्धवट सोपवलेलं काम असतं. ‘नऊ नंबरकडे बघ जरा’ याला हँडओव्हर म्हणत नाहीत. तो असा दिला तर?

‘बेड नऊ, बावन्न वर्षांचे काका, मधुमेह, डीकेए. नाजूक आहेत. रात्री अकराला पोटॅशियम ३.१ होतं, म्हणून इन्सुलिन थांबवून पोटॅशियम चालू केलंय. दोनला पुन्हा पाठवलंय, रिपोर्ट लॅबमधून आणायचाय. तो बघितल्याशिवाय इन्सुलिन सुरू करू नकोस. मुलगा बाहेर बाकावर आहे, त्याला गंभीर असल्याचं सांगितलंय. आता तू मला परत सांग.’

आजाराची तीव्रता, थोडक्यात गोष्ट, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि शेवटी समोरच्याने परत बोलून दाखवणं, असा हा क्रम आहे. याच पद्धतीचा ‘आय-पास’ नावाचा आराखडा अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत वापरला गेला तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याला पैसे लागत नाहीत, मंजुरी लागत नाही. आणि सोपवलेलं काम समोरच्याच्या तोंडून परत ऐकलं की झोप लागायला मदत होते, हा वरचा फायदा.

नातेवाइकांशी बोलताना

व्हेंटिलेटर नाही, आणि रुग्णाचा मुलगा अंबू बॅग दाबत बसलाय, हे दृश्य आपल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात नवं नाही. इथे दोन चुका होतात. एक, गप्प राहून पुढच्या रुग्णाकडे जाणं. दुसरी, ‘होईल काहीतरी’ म्हणणं. दोन्हींतून संशय वाढतो. खरं ते, थांबून, बसून सांगावं:

‘दादा, बाबांची तब्येत फार नाजूक आहे. त्यांना मशीन लागणार आहे. आत्ता इथे एकही मशीन रिकामं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी फोन केलेत, तिकडून निरोप आला की तुम्हाला लगेच सांगतो. तोवर हा फुगा असा, या गतीने दाबायचा. मी दर पंधरा मिनिटांनी येऊन बघतोय. काही विचारायचंय का?’

मग तेच केस पेपरवर वेळेसह लिहा: ‘०२.१०, व्हेंटिलेटरची मागणी केली, उपलब्ध नाही, वरिष्ठांना फोनवर कळवलं, नातेवाइकांना समजावलं.’ या दोन ओळी उद्या चौकशीत तुमच्या कामी येतात, आणि ‘यंत्रणेचं’ या रकान्याचा पुरावाही होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलंय की डॉक्टरवर फौजदारी जबाबदारी येण्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. साधनं नसताना शक्य ते सगळं केल्याची वेळेसह नोंद हा तुमचा सर्वांत चांगला बचाव आहे.

जमाव चढून आला तर वाद घालू नका, मागे व्हा, सुरक्षा रक्षकांना बोलवा. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसाचार रोखण्याचा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई वसूल करता येते. धुळ्यात मार्च २०१७ मध्ये निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि त्यानंतर रुग्णालयांत राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान नेमले गेले. फिर्याद संस्थेने द्यावी असा आग्रह धरा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना सहा तासांच्या आत संस्थेमार्फत गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला होता. त्याचा दाखला देऊन आपल्या अधिष्ठात्यांकडे तीच पद्धत मागता येते.

तोंडी सांगू नका, आवक क्रमांक घ्या

पंधरा दिवसांच्या वहीतून निघालेली चार-पाच कारणं आता पत्रात उतरवा. ‘आमच्यावर खूप ताण आहे’ या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘१ ते १५ तारखेदरम्यान वॉर्ड क्रमांक अमुकमध्ये रात्री रिपोर्ट आणायला कर्मचारी नव्हता, त्यामुळे एवढ्या वेळा रिपोर्टला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला, रात्रपाळीला एक कर्मचारी द्यावा’ यावर करता येतं. एका पत्रात एकच मागणी. सह्या एकाच्या नकोत, युनिटमधल्या सगळ्यांच्या हव्यात, किंवा पत्र ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत द्या. एकट्याने आवाज उठवणाऱ्याला परीक्षेची भीती दाखवता येते, तीस जणांना ते अवघड जातं. पत्र आवक-जावकला देऊन पोचप्रतीवर क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. त्याचं उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे.

हक्क काय आहेत, तेही पाठ असू द्या. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवडा ४८ तासांपेक्षा जास्त नसावा, असं म्हटलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांमध्ये वाजवी कामाचे तास, रोज पुरेशी विश्रांती, कामाच्या निकडीनुसार साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० किरकोळ रजा आहेत. आयोगाच्याच कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. ४८ वरून ७४ वर आलेली ही मर्यादाही कित्येक युनिटांच्या रोस्टरमध्ये पाळली जात नाही. आपल्या रोस्टरची बेरीज करा आणि ती पत्रात लिहा.

मदत कधी, कुठे

त्याच कृतिगटाने देशभरातल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची ऑनलाइन पाहणी केली. त्यांतल्या ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं नोंदवलं. म्हणजे हा विचार मनात आलेले तुम्ही एकटे नाही, आणि शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्राच्या मनातही तो असू शकतो.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका: ‘मी नसलो तर बरं’ असे विचार, वॉर्डातलं इंजेक्शन स्वतःला घ्यावंसं वाटणं किंवा घेणं, ड्यूटीला जाण्यासाठी दारू लागणं, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसणं, अचानक निरवानिरवीची भाषा. स्वतःच्या कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क केला आहे. रात्री-अपरात्री ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मित्राबद्दल शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने विचार बळावत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. त्याला एकटं सोडू नका आणि त्याची ड्यूटी त्या दिवशी तुम्ही वाटून घ्या.

खासगीत असाल तर

इथे थकव्याचं रूप वेगळं असतं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिलं. त्यात कॉर्पोरेट रुग्णालयांची टार्गेटं, कट प्रॅक्टिस, नको असलेल्या तपासण्या यांबद्दल डॉक्टरच बोलले आहेत. रुग्णासाठी योग्य काय ते कळत असूनही ते करता येत नाही, याची जी जखम होते ती झोपून भरत नाही. त्यावर उपाय म्हणजे कुठे ‘नाही’ म्हणणार, हे नोकरी घेण्याआधी ठरवणं. मुलाखतीतच विचारा: पगार आणि ॲडमिशनचा आकडा यांचा संबंध आहे का? तपासण्यांचा आढावा कोण घेतं? तोंडी उत्तर पुरेसं नाही, करारात बघा. आणि आपल्यासारखा विचार करणारे चार-पाच डॉक्टर गाठून महिन्यातून एकदा भेटा, एकेकाने एक अडलेला रुग्ण मांडा. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात जनरल प्रॅक्टिशनरांसाठी असे गट सुरू केले होते. तालुक्याच्या गावीही ते जमतं.

राजीनामा द्यायचा असेल तर

पोस्ट-ड्यूटी राजीनामा लिहू नका. दोन रात्री नीट झोपा, शक्य असेल तर आठवडाभर रजा घ्या आणि मग तीन प्रश्न कागदावर सोडवा. मला वैद्यक नको आहे, की ही शाखा, की हे युनिट? सीट सोडण्याचा दंड आणि बंधपत्र यांचा हिशेब काय? युनिट बदलून मिळतं का, हे लेखी विचारलंय का? उत्तर तरीही ‘जायचं’ असेल तर खुशाल जा. तो पळपुटेपणा ठरत नाही.

वरिष्ठांना आणि घरच्यांना

विभागप्रमुखांसाठी दोन पुरावे. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्यात उपाययोजनांनंतर हे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं होतं. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात दिसलं, की कामाचे तास आणि पद्धत बदलणारे संस्थेचे उपाय, व्यक्तीला शिकवलेल्या उपायांपेक्षा जास्त परिणाम करतात. म्हणून ध्यानाचं शिबिर घेण्याआधी ड्यूटी रूममध्ये माणसागणिक खाट आहे का, ते बघा. शिक्षा म्हणून लावलेल्या ड्यूट्या बंद करा. ‘आम्ही तर छत्तीस-छत्तीस तास केलं’ हे सांगणं थांबवा.

घरच्यांनी ‘कधी येणार?’ऐवजी ‘जेवलास का, झोपलास का?’ विचारावं. लग्नाची बोलणी, घराचे हप्ते आणि नातेवाइकांचे रिपोर्ट पोस्ट-ड्यूटीच्या दिवशी काढू नयेत. आणि मुलगी फोनवर ‘मला नाही जमणार आता’ म्हणाली तर ‘एवढी वर्षं घातलीस’ म्हणण्याआधी पहिली गाडी पकडून तिला भेटून यावं.

या आठवड्यात सुरुवात करायची तर क्रम असा: आज वही, उद्या रक्ताच्या तपासण्या, या इमर्जन्सीपासून हँडओव्हर, आणि पंधरा दिवसांनी एका मागणीचं, सगळ्यांच्या सह्यांचं पत्र. पहिल्या पत्राने फार काही हलणार नाही, तेव्हा दुसऱ्याची तारीखही आत्ताच ठरवून ठेवा.